खुब्याचा सांधा बदलल्यावर नुसते चालणे पुरेसे आहे, की वजन घेऊन व्यायाम करावा?

तुमच्या आईंचा उजव्या खुब्याचा सांधा बदलून तीन महिने झाले, दुखणे थांबले, तरी त्या लंगडतात, असे तुम्ही लिहिले आहे. मी डॉक्टर नाही. परंतु ६१व्या वर्षी माझ्यावर हीच शस्त्रक्रिया झाली असल्याने खात्रीने सांगतो की, नुसत्या चालण्याने माझे लंगडणे गेले नाही.

दुखऱ्या पायावर भार टाकणे आपण वर्षानुवर्षे टाळत आलेलो असतो, त्यामुळे मांडीचे व नितंबाचे स्नायू शस्त्रक्रियेच्या आधीच रोडावलेले असतात. त्यांपैकी नितंबाच्या बाजूचा ग्लुटिअस मीडिअस हा स्नायू आपण एका पायावर उभे असताना कंबर आडवी धरून ठेवतो, आणि त्यासाठी त्याला इतका जोर लावावा लागतो की सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच ते तीन पट भार येतो. हा स्नायू कमी पडला की दुसऱ्या बाजूची कंबर खाली झुकते. आरशासमोर खुर्ची धरून मी चांगला पाय उचलला, तेव्हा माझ्या पँटचा पट्टा तिरका झालेला पत्नीने मला दाखवला होता.

मात्र आधी शल्यचिकित्सकांना छेद कोणत्या बाजूने घेतला, हे विचारा. बाजूने घेतला असल्यास बहुधा याच स्नायूचा काही भाग सोडवून पुन्हा शिवलेला असतो, म्हणून त्यावर वजन कधी घ्यायचे ते त्यांनीच ठरवावे. मागून घेतला असल्यास खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवणे, पायावर पाय टाकणे आणि पाऊल आत वळवणे यांवरील बंधने उठली आहेत का, याची खात्री करा.

माझ्या फिजिओथेरपिस्टने मला स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून, धड न झुकवता, पाय बाजूला न्यायला शिकवले. दहा-दहाच्या तीन फेऱ्या सहज जमू लागल्यावर घोट्याला अर्धा किलोचा वेट कफ, म्हणजे वजनाचा पट्टा, बांधला, पुढे एक किलोचा. खुर्चीवर उशी ठेवून हात न टेकता उठण्याचा सराव केला आणि नंतर ती उशी काढली. हे सारे एक दिवसाआड, आणि शेवटच्या दोन-तीन वेळा दम लागावा इतकेच. दुसऱ्या दिवशी स्नायू ठणकले तर चालते; जांघेत कळ आली तर वजन कमी करावे. पोटरी सुजणे, ताप येणे किंवा पायावर अचानक भार न पेलणे यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

आई काठी वापरत असतील तर ती डाव्या हातात द्या. पुष्कळ जण ती शस्त्रक्रियेच्याच बाजूला धरतात आणि उलट अधिक झुकतात. लंगडणे थांबेपर्यंत ती सोडवण्याची घाई करू नका. माझा पट्टा सरळ दिसायला आठ महिने लागले. तिसऱ्या महिन्यात मीही तुमच्या आईंसारखाच चालत होतो.