जलविरोधी पृष्ठभागांवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

महागड्या उपकरणाची वाट पाहत बसू नका. दादरच्या मंडईतून अळूची पाने आणा, त्यांवर थेंब सोडा आणि पान किती अंश कलल्यावर थेंब घरंगळतो ते मोजा. अळूच्या किंवा कमळाच्या पानावर काही मायक्रोमीटरचे उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचे अतिसूक्ष्म स्फटिक. या दुहेरी खडबडीतपणात हवा अडकून राहते, म्हणून थेंब पानाला जेमतेम टेकतो. कमळाची ही रचना बार्थलॉट आणि नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये सविस्तर मांडली.

१५० अंशांहून मोठा स्पर्शकोन, म्हणजे थेंबाची कड पाण्याच्या बाजूने पृष्ठभागाशी करते तो कोन, मिळाला की नवखे संशोधक हुरळून जातात. माझ्या मते तो आकडा एकटा फारसा उपयोगाचा नाही. थेंबाची कड पुढे सरकताना आणि मागे हटताना मिळणाऱ्या स्पर्शकोनांतला फरक १० अंशांहून कमी आहे का ते पाहा, मग पृष्ठभाग घासून पुन्हा मोजा. मुंबईच्या पावसाळ्यात आणखी एक कसोटी आपसूक मिळते: दमट हवेतली वाफ खाचांमध्येच द्रवरूप होऊन साचली, तर हवेचा थर नाहीसा होतो आणि थेंब चिकटून बसतो. म्हणून नोंदवहीत तापमानासोबत आर्द्रताही लिहा.

स्वतः जलविरोधी लेप बनवताना कार्बनच्या लांब साखळीची फ्लोरिनयुक्त रसायने कटाक्षाने टाळा; ती निसर्गात जवळजवळ विघटित होत नाहीत. भाताच्या तुसाच्या राखेतली सिलिका आणि मधमाश्यांचे मेण, किंवा कोळंबीच्या टरफलांपासून मिळणारे कायटोसान, असे पर्याय कोकणपट्टीत हाताशी आहेत. कायटोसान मात्र स्वतः पाणी शोषते, त्यामुळे त्याला मेणाची जोड द्यावी लागते. लेपाला पर्यावरणपूरक ठरवण्याआधी द्रावक कोणता वापरला आणि भट्टीला वीज किती लागली, याचाही हिशेब मांडा.