आवडत्या इलस्ट्रेटरच्या कामाला चित्रातून प्रतिसाद कसा द्यायचा?

तुमची अडचण मला अशी समजली: तीन समकालीन इलस्ट्रेटर निवडून त्यांच्या कामाला प्रतिसाद म्हणून स्वतःची चित्रं करायची आहेत. करायला बसलात की एक तर सरळ नक्कल होते, नाही तर मूळ चित्रकाराशी काही नातंच उरत नाही. सोबत टिपण लिहायचं आहे, पण ते ‘रंगसंगती छान आहे’ याच्या पुढे सरकत नाही. आणि मनात धाकधूक आहे की ही चोरी तर नाही? मला वाटतं, या सगळ्याचं मूळ एकच आहे. तुम्ही शैलीकडे दिसणं म्हणून बघताय. त्या दिसण्यामागे चित्रकाराने काही ठरवलेलं असतं. प्रतिसाद द्यायचा तो त्या ठरवण्याला.

चित्रपुस्तकं करणाऱ्या जॉन क्लासनचं उदाहरण घेतो, कारण त्याची नक्कल सगळ्यात जास्त होते. मातकट रंग, जवळजवळ रिकामी पार्श्वभूमी, निर्विकार प्राणी आणि ते डोळे. ‘धिस इज नॉट माय हॅट’ या त्याच्या २०१२च्या पुस्तकात एका छोट्या माशाने मोठ्या माशाची टोपी चोरली आहे आणि तोच आपल्याला गोष्ट सांगतोय. तो म्हणतो, मोठा मासा झोपलाय, लवकर काही उठायचा नाही. चित्रात मोठ्या माशाचा डोळा टक्क उघडलेला असतो. शब्द एक सांगतात, चित्र दुसरंच सांगतं, आणि खरं काय ते फक्त वाचणाऱ्याला कळतं. त्या पुस्तकाला मुलांच्या पुस्तकांतल्या चित्रांसाठी दिली जाणारी अमेरिकेचं कॅल्डेकॉट मेडल (२०१३) आणि ब्रिटनचं केट ग्रीनवे मेडल (२०१४) ही दोन्ही मिळाली.

आता बघा, तिथे बाकी सगळं स्थिर आणि रिकामं आहे म्हणून तर बुबुळ जरासं हललं तरी लक्ष जातं. रिकामेपणा, दबलेले रंग, ठोकळेबाज शरीरं, सगळं त्या डोळ्यासाठी राबतंय. तुम्ही तसेच डोळे काढून एक मांजर रंगवलंत तर हाती फक्त वरची साल येते. त्याऐवजी असं करून पाहा: खाली एक वाक्य लिहा, ‘दुपारभर मी घरी एकटीच होते.’ वर टेबलाचं चित्र काढा, त्यावर वाफाळते दोन कप. बस. माध्यम कुठलंही चालेल, रंग भडक असले तरी चालतील, डोळे तर नकोतच. हे चित्र क्लासनसारखं अजिबात दिसणार नाही आणि तरी ते त्यालाच दिलेलं उत्तर असेल. टिपणात काय लिहायचं तेही मग आपोआप सुचतं.

सूझी ली या कोरियन चित्रकर्तीचं २००८चं ‘वेव्ह’ मिळालं तर नक्की बघा. पुस्तकात शब्द नाहीत. एक मुलगी आणि समुद्र, कोळशाची रेघ आणि एकच निळा रंग. बघणारे निळ्या रंगावर भाळतात, पण खरी करामत पुस्तकाच्या मधल्या घडीत आहे. मुलगी डाव्या पानावर, समुद्र उजव्या पानावर, आणि जिथे पानं शिवलेली असतात ती घडी म्हणजे दोघांमधली सीमा. एरवी चित्रकार ज्या घडीला वैतागतात, कारण चेहरा नेमका तिथे येऊन चिरडतो, तिलाच लीने गोष्टीतलं पात्र केलं. सुरुवातीला निळा फक्त समुद्रात असतो. लाट अंगावर कोसळते आणि मग मुलीचा फ्रॉक निळा, आकाशही निळं. म्हणजे रंग इथे घटनेसारखा वापरलाय. याला प्रतिसाद द्यायचा तर स्वतःला विचारा: माझ्या कागदाची अशी कोणती अडचण आहे, जी मी गोष्टीत ओढू शकेन? कागदाची कड, दुमडलेला कोपरा, मागच्या पानावरून उमटलेली शाई. माझ्या मते आजच्या चित्रपुस्तकांत याहून शिकण्यासारखं उदाहरण क्वचितच सापडेल.

टिपणाबद्दल. पहिल्या मसुद्यात ‘सुंदर’, ‘प्रभावी’, ‘भावपूर्ण’, ‘अनोखी’ असले शब्द वर्ज्य करा. नुसतं दिसतंय ते लिहा. उजेड कुठून येतोय? रेघेची जाडी बदलते का, आणि बदलते तर कुठे? आपण कुठून बघतोय, मुलाच्या उंचीवरून की छतावरून? पाणी, धूर, केस अशा अवघड गोष्टी चित्रकाराने कशा सोडवल्यात? आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याने काय काढलेलं नाही? मालिका फाव्र ही फ्रेंच इलस्ट्रेटर बाह्यरेषा जवळपास वापरतच नाही. सपाट रंगाचे आकार शेजारी शेजारी ठेवते, आणि सावली पार्श्वभूमीत अशी मिसळून टाकते की अर्धी आकृती आपल्या डोळ्यांनाच पुरी करावी लागते. हे एकदा ध्यानात आलं की ‘रंगसंगती छान’ हे वाक्य लिहावंसंच वाटत नाही. उलट सिडनी स्मिथ या कॅनेडियन चित्रकाराच्या शहरात काचा, प्रतिबिंबं, धूसर गर्दी यांची रेलचेल असते, कारण ‘स्मॉल इन द सिटी’ या चित्रपुस्तकात एवढ्या मोठ्या शहरात छोटं असणं कसं वाटतं हेच त्याला दाखवायचं आहे. दोघंही शहर काढतात. एक वगळत जाते, दुसरा थर चढवत जातो. अशी दोन चित्रं शेजारी ठेवून लिहिलंत तर टिपणाला धार येईल.

नक्कल करू नका, असं मी म्हणणार नाही. जरूर करा. हात त्यातूनच शिकतो, आणि डोळ्याला न दिसलेल्या गोष्टी हाताला कळतात. मात्र रेघेची नक्कल करण्यापेक्षा रीतीची नक्कल करा. क्वेंटिन ब्लेक या ब्रिटिश इलस्ट्रेटरची रेघ बघून वाटतं, माणसाने सहज खरडलंय. प्रत्यक्षात तो आधी रफ म्हणजे कच्चं चित्र काढतो, ते लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून उजेड येणाऱ्या काचेवर, ठेवतो, वर जलरंगाचा कागद घेतो आणि खरखरीत निबाने पुन्हा ताजं चित्र काढतो. खालचं रफ गिरवायचं नसतं. कोण कुठे उभं आहे एवढा धीर त्याच्याकडून घ्यायचा असतो. म्हणून त्याचं छापील चित्र समोर ठेवून सावकाश उतरवलंत तर रेघ मरते. स्वतःचं रफ काचेवर ठेवून, खाली दिवा लावून, न गिरवता भरभर काढलंत तर ब्लेक एका बैठकीत बरंच शिकवून जातो. हे अभ्यासाचे कागद वहीत राहू द्या आणि कोपऱ्यात कोणाच्या कामावरून केलं ते लिहून ठेवा.

मग मात्र मूळ पुस्तक मिटायचं आणि दुसऱ्या खोलीत ठेवायचं. आता विषय तुमचा हवा, आणि शक्यतो असा, जो त्या चित्रकाराने कधी हाताळलेला नाही. शैली तिथेच कसोटीला लागते. याचं मला माहीत असलेलं सर्वांत देखणं उदाहरण म्हणजे भज्जू श्याम यांचं ‘द लंडन जंगल बुक’ (२००४). मध्य भारतातल्या गोंड आदिवासींच्या चित्रपरंपरेत घडलेला हा चित्रकार लंडनला गेला आणि त्याने ते शहर गोंड चित्रांच्या नजरेने पाहिलं. उडणारं विमान म्हणजे पंखांचा हत्ती. जमिनीखालची रेल्वे म्हणजे गांडूळ. बिग बेनचं घड्याळ आणि कोंबडा एकाच आकृतीत, कारण दोघंही वेळ सांगतात. लंडनची चित्रं आपण हजारदा पाहिलेली असतात, तरी या पानांवर ते शहर पहिल्यांदा भेटतं. कुठे रंग कसा लावला यापेक्षा ‘ही नवी वस्तू माझ्या जगातल्या कशासारखी वागते?’ हा प्रश्न त्यांच्याकडून घ्या. तो कोणालाही घेता येतो आणि घेतल्याने त्यांचं काही जात नाही.

याउलट गोंड चित्रातले ठिपके, खवले, बारीक रेघांचे भराव उचलून आपल्या हरणाच्या पोटात भरू नका. हे मी आग्रहाने सांगतोय. त्या परंपरेत प्रत्येक चित्रकार स्वतःचा भराव घडवतो, आणि जाणकार त्यावरूनच हात ओळखतात. तो भराव म्हणजे जवळजवळ सहीच. दुसऱ्याची सही आपल्या चित्राखाली कोण करेल?

इथून चोरीच्या प्रश्नाकडे वळतो. कॉपीराइट साधारणपणे विशिष्ट चित्राला असतो, शैलीला नसतो. जलरंगाचा ओघळ किंवा सपाट रंगांची पद्धत कोणाच्या मालकीची नाही. पण एखाद्या चित्राची मांडणी, पात्र, त्यातली नेमकी कल्पना उचलली, रंग बदलले आणि आपल्या नावाने विकलं, तर ते गैरच. कायद्याच्या पलीकडेही एक रेघ आहे, आणि २०२२पासून ती सगळ्यांना दिसते आहे. ग्रेग रुटकोव्स्की या पोलिश चित्रकाराचं नाव लोक चित्रं बनवणाऱ्या एआयला सूचना देताना इतक्या वेळा टाकू लागले की त्याच्या नावाने इंटरनेटवर त्याची नसलेली चित्रंच पसरली. त्याने याबद्दल उघडपणे नाराजी व्यक्त केली. त्यात उचललं गेलं ते दिसणं, आणि बघण्याचे कष्ट कोणी घेतलेच नाहीत. तुम्ही तासभर बसून एखाद्याने काय वगळलं हे शोधता, तेव्हा त्याच्या कामाचा मानच राखता. चित्र कुठे लावलंत तर ‘अमुक यांच्या कामाला प्रतिसाद’ एवढी ओळ जरूर लिहा.

तिघांची निवड करताना एकाच जातीचे तीन घेऊ नका. एक मनापासून आवडणारा घ्या. एक असा, ज्याचं माध्यम तुम्हाला जमत नाही. शॉन टॅन या ऑस्ट्रेलियन चित्रकाराचं ‘द अरायव्हल’ हे पुस्तक चालेल: पेन्सिलीत जुन्या फोटोंसारखी चित्रं, शब्द नाहीत, आणि परक्या शहरातली लिपी मुद्दाम बनवलेली, म्हणजे स्थलांतरित माणसाइतकेच आपणही तिथे निरक्षर होतो. तसं छायांकन जमायला फार काळ लागेल, पण बनावट लिपीची युक्ती घेऊन तुम्ही आजच एखादी दुकानाची पाटी, बसचं तिकीट, औषधाची बाटली रंगवू शकता. तिसरा मात्र न आवडणारा घ्या. आवडत्याबद्दल आपण कौतुकाच्या भरात ढोबळ लिहितो. न आवडणाऱ्याबद्दल लिहिताना नेमकं काय खुपतं ते शोधावं लागतं, आणि तिथे आपली स्वतःची चित्रकार म्हणून आवड स्पष्ट होते. सुरुवात त्याच्यापासूनच करा. पहिलं रफ झालं की टिपणासकट इथे टाका, मी वाचेन.