वजन ५७ किलो, तरीही साखर काठावर. डाएट करू की जिम लावू?

‘मी तर बारीक आहे, मला कशी होईल साखर?’ हे तुमचंच वाक्य सहा वर्षांपूर्वी मी डॉक्टरांसमोर बोलले होते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही दिलेली माहिती अशी: वय ४१, उंची १६० सेंमी, वजन ५७ किलो, दिवसभर कॉम्प्युटरसमोर काम, आईला मधुमेह, आणि ऑफिसच्या तपासणीत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.१. आता भात-पोळी सोडून ओट्स आणि किन्वा सुरू करू की जिम लावू, असं विचारलंय.

आधी आकड्याबद्दल. ५.७ ते ६.४ हा काठावरचा पट्टा समजतात, ६.५ पासून पुढे मधुमेह धरतात. म्हणजे तुम्हाला मधुमेह झालेला नाही. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशभरातल्या पाहणीचा जो अंदाज आला, त्यानुसार भारतात असे काठावरचे १३ कोटी ६० लाख लोक आहेत. त्यातल्या बहुतेकांना ते माहीतही नसेल. तुम्हाला कळलंय, हे खरंच चांगलं झालं.

आता ‘बारीक असून कसं?’ याचं उत्तर. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षं याच गोष्टीवर काम केलंय. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश डॉक्टरांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. तुमचं गणित मी मांडून पाहिलं, तुमचाही बीएमआय २२.३ च येतो! आपल्याकडे पुष्कळ माणसं अशीच असतात. हातपाय काटकुळे, चरबी पोटाशी आणि स्नायू कमी. वजनकाट्यावर हे दिसत नाही.

म्हणून आज घरी गेल्यावर कपडे शिवायची टेप घ्या. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध ती गुंडाळा, श्वास सोडा आणि आकडा बघा. भारतीय बायकांना ८० सेंमी आणि पुरुषांना ९० सेंमीच्या आत कंबर हवी. माझं वजन तेव्हा ५६ किलो होतं आणि कंबर ८७.

त्या वेळी मी जी चूक केली ती तुम्ही करू नका, हे कळकळीनं सांगते. रिपोर्ट आल्यावर मी घाबरून जेवण तोडलं. रात्री नुसतं सूप, सकाळी एक फळ. तीन महिन्यांत पाच किलो गेले. सगळे ‘छान दिसतेस’ म्हणाले, आणि मला भाजीची पिशवी घेऊन दोन मजले चढवेनात. एचबीएवनसी ६.२ वरून ६.१ झालं, बस. जेवणातून रक्तात आलेली साखर उचलून घेणारं शरीरातलं सर्वांत मोठं कोठार म्हणजे स्नायू. उपाशी राहून मी ते कोठारच लहान करत होते. तुमच्यासारख्या बारीक अंगाच्या बाईला वजन उतरवण्यापेक्षा पोट कमी करणं आणि मांड्या-दंडांत ताकद आणणं जास्त गरजेचं आहे.

मग एका आहारतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘चौघांच्या आमटीला डाळ किती घेता?’ मी म्हटलं, अर्धी वाटी. त्यांनी वजनकाट्यावर अर्धी वाटी तूरडाळ मोजून दाखवली, ८० ग्रॅम. म्हणजे माणशी २० ग्रॅम, आणि त्यातून मिळणारी प्रथिनं पाच ग्रॅमच्या आतबाहेर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०२४ चा सल्ला २००० कॅलरींच्या आहारासाठी असा आहे: दिवसाला धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, डाळी-कडधान्यं किंवा त्याऐवजी अंडी-मासे ८५ ग्रॅम, दूध-दही ३०० मिली. आमच्या ताटात तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, पातळ आमटी आणि भात असायचा. पोट भरायचं, पण सगळी पिठूळ खाद्यंच. घरचं जेवण साधं असतं म्हणून ते आपोआप चौरस असेल, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

ओट्स-किन्वाची काहीही गरज नाही. तुमच्या स्वयंपाकघरात सगळं आहे, फक्त वाढण्याचं माप बदला. मी तीन पोळ्यांच्या दीड केल्या, भात एक मूद ठेवला. वरण घट्ट केलं, रोज एका वेळी मटकी, मूग किंवा चवळीची उसळ आली. पालेभाजी दुप्पट. संध्याकाळी भुकेला बिस्किटांऐवजी मूठभर फुटाणे-शेंगदाणे किंवा उकडलेलं अंडं. सकाळच्या पोह्यांत मोड आलेले मूग निम्मे घालते. बाकी दिवस मुगाची धिरडी किंवा भाजणीचं थालीपीठ आणि दही. भाजणीत डाळी असतात, ते विसरू नका.

ज्वारीच्या भाकरीबद्दलही विचारलंत. जरूर खा, पोळीपेक्षा ती चांगली. पण भाकरी म्हणजे शेवटी धान्यच. ‘ज्वारी चालते’ म्हणून तीन-तीन खाल्ल्या तर हिशेब जिथल्या तिथे. उपासाच्या साबुदाण्याचं मात्र मी स्पष्ट सांगते, तो जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. संकष्टीला मी शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी आणि दही खाते.

अजून एक सोपी गोष्ट. आपण ताटाच्या डाव्या बाजूला कोशिंबीर वाढतो आणि चमचाभरच घेतो. ती वाटीभर घ्या आणि आधी संपवा, मग उसळ, आणि पोळी-भात शेवटी. भाज्या आणि प्रथिनं आधी पोटात गेली की जेवणानंतरची साखर कमी चढते. मी ग्लुकोमीटरवर स्वतः मोजून पाहिलंय. जेवण तेच, क्रम बदलला की आकडा वेगळा.

चहाचं गणित घरी करून बघा. चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे ४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, आणि जमल्यास २५ च्या आत ठेवायला सांगते. गुळाचा चहा सुरू केलाय असं लिहिलंय तुम्ही, पण रक्ताला त्यात फारसा फरक पडत नाही. मी दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत गेले. जीभ बदलते, थोडा धीर धरा.

‘दोनदा जेवावं की दर दोन तासांनी?’ या वादात मला पडायचं नाही. दोन्ही बाजूंचे लोक माझ्या ओळखीत आहेत आणि ज्यांना फायदा झाला ते सगळे नियमित चालणारे होते. मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नयेत. त्यात साखर एकदम खाली जाण्याचा खरा धोका असतो.

व्यायामाचं म्हणाल तर जिम परवडत असेल आणि आवडत असेल तर लावा, नाहीतर घरी पुरतं. आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल असं चालणं, आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम. हा दुसरा भाग आपण बायका हमखास सोडतो. मी खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, दहा वेळा, यापासून सुरुवात केली. मग भिंतीला हात लावून दंड, मग पाण्याच्या बाटल्या उचलणं, पुढे पाच सूर्यनमस्कार. आता रविवारी पुण्याच्या पर्वती टेकडीच्या १०३ पायऱ्या दोनदा चढते. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवरच थांबा, तेही पुरेसं आहे.

आणि शतपावली. आपल्या आज्यांनी सांगितलेली ही गोष्ट अगदी योग्य आहे, फक्त शंभर पावलांवर थांबू नका. जेवून उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं सावकाश चाला. चालताना पायांचे स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात. ऑफिसात डबा खाल्ल्यावर लगेच खुर्चीत बसू नका, जिन्यानं एक फेरी मारून या.

हे सगळं करून खरंच मधुमेह टळतो का? चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं काठावरच्या ५३१ लोकांना साधारण अडीच-तीन वर्षं पाहिलं. २००६ मध्ये निकाल आला. आहार आणि चालणं सांभाळणाऱ्यांत मधुमेहाची शक्यता २८.५ टक्क्यांनी कमी झाली, आणि त्यात मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी जोडून वेगळा फायदा दिसला नाही. शंभर टक्के खात्री कुणीच देणार नाही, तुमच्या आईला मधुमेह आहे हेही खरं. माझं स्वतःचं ६.१ वरून ५.८ यायला दहा महिने लागले. कंबर ८१ वर आलीय, अजून प्रयत्न चालू आहे.

शेवटी तपासणीचं. तीन महिन्यांनी पुन्हा एचबीएवनसी करा, त्याआधी करून उपयोग नाही, कारण तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि हा आकडा त्यांच्यावरून काढतात. आणि त्याच वेळी हिमोग्लोबिनही तपासून घ्या. लोहाची कमतरता असेल तर एचबीएवनसी प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकतं, आणि आपल्या बायकांत ही कमतरता किती असते ते तुम्हाला ठाऊक आहेच. हिमोग्लोबिन कमी निघालं तर उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखरही डॉक्टरांना दाखवा. मधल्या काळात खूप तहान लागायला लागली, रात्री सारखं लघवीला उठावं लागलं किंवा काही न करता वजन उतरायला लागलं, तर तीन महिने थांबू नका, त्याच आठवड्यात जा.