पाण्याची सरासरी १.८५ कशी?

प्रश्न : सर, मी माण तालुक्यात माध्यमिक शाळेत शिकवते. नववीच्या मुलांनी वाडीतल्या ४० घरांची पाहणी केली. एक्सेलमध्ये भरताना विहिरीला १, नळाला २ आणि टँकरला ३ असे आकडे दिले. त्या रकान्याची सरासरी १.८५ आली. मुलं विचारतात, याचा अर्थ काय? मला सांगता येईना. शिवाय पाणी पुरतं का, घरात माणसं किती, जमीन किती, हेही रकाने आहेत. त्यांचं काय करावं?
– एक शिक्षिका

उत्तर : बाई, त्या १.८५ ला काहीच अर्थ नाही, आणि मुलांना ते खटकलं याचा मला मनापासून आनंद झाला.

तुमच्या तक्त्यात १४ घरं विहिरीवर, १८ नळावर आणि ८ टँकरवर आहेत. आता टँकरला १, विहिरीला २, नळाला ३ देऊन बघा. सरासरी २.२५ येईल. घरं तीच, पाणी तेच, उत्तर मात्र वेगळं. हे आकडे मोजून आलेले नाहीत, एसटीच्या फलाटावरच्या नंबरासारखी ती नावं आहेत. अशा गुणात्मक चलाची, म्हणजे ज्यात माप नसून नुसते प्रकार असतात अशा रकान्याची, फक्त मोजदाद करायची : विहीर ३५ टक्के, नळ ४५, टँकर २०. हवं तर बहुलक सांगा, म्हणजे सर्वांत जास्त घरं कशावर ते.

'पाणी पुरतं का' याची उत्तरं कधीच नाही, कधीकधी, बहुतेकदा, नेहमी अशी आहेत. इथे क्रम आहे, पण दोन पायऱ्यांमधलं अंतर सारखंच असेल असं कोणी सांगावं? म्हणून बेरीज नको. उत्तरं क्रमाने लावा आणि मधलं बघा. तुमच्याकडे ९ घरं 'कधीच नाही' म्हणतात, १५ 'कधीकधी'. म्हणजे विसावं आणि एकविसावं घर दोन्ही 'कधीकधी'मध्येच येतात. हा मध्यक.

माणसांची सरासरी ४.६ आली तर मुलं म्हणतील, सहादशांश माणूस कुठला? पण ही सरासरी खरंच कामाची आहे. ४० घरांना ४.६ ने गुणलं की १८४ माणसं परत मिळतात. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर. १८४ गुणिले ५५ म्हणजे १०,१२० लिटर, जवळजवळ दहा हजार लिटरचा एक टँकर रोज. एकूण किती लागेल हे काढायचं असेल तिथे मध्य, म्हणजे हीच सरासरी, वापरा.

जमिनीचं मात्र जपून करा. मी लहान असताना आमच्या वस्तीवर नऊ खातेदार होते : १, १, दीड, २, २, अडीच, ३, ३ आणि ३८ एकर. बेरीज ५४, मध्य ६. कुठल्याशा सरकारी कागदावर 'सरासरी जमीनधारणा ६ एकर' असं लिहिलं गेलं आणि विहिरीच्या अनुदानाची गोष्ट निघाली तेव्हा सगळी वस्ती बऱ्यापैकी जमीनवाली ठरली. दीड एकरवालं घर आमचं. वडील रात्री कंदिलापाशी तो कागद घेऊन बसले आणि मला विचारलं, "मग आपली साडेचार एकर कुठं गेली रे?" मला तेव्हा सांगता आलं नाही. मध्यक काढला असता तर २ एकर आला असता, आणि नवापैकी आठ घरांना तो आकडा परका वाटला नसता.

तेव्हा जमिनीसाठी मध्यक लिहा, सोबत सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त जमीन. शक्य असेल तर पहिला आणि तिसरा चतुर्थकही काढा. ४० घरं चढत्या क्रमाने लावलीत की दहाव्या-अकराव्याच्या मधला आणि तिसाव्या-एकतिसाव्याच्या मधला आकडा, एवढंच. एखाद्या घराची जमीन फार मोठी निघाली तर ते घर खोडू नका. आधी सातबाऱ्याशी ताडून बघा, खरं असेल तर तक्त्याखाली वेगळ्या ओळीत लिहा.