दिवा चालू, रस्ता अंधारात

प्रश्न : आमच्या गल्लीत दूध डेअरीपासून कोपऱ्यापर्यंत संध्याकाळी सातनंतर पाऊल जपून टाकावं लागतं. गुलमोहराच्या फांद्यांत तीन खांबांचे दिवे बुडालेत. फूटपाथवर डीपी, म्हणजे विजेची वितरण पेटी आहे, तिथून अंग चोरून जावं लागतं. पुढे चेंबरचं झाकण तुटलंय. कुणीतरी त्यात फांदी खोचून लाल चिंधी बांधली आहे. अंधारात चिंधी कसली दिसणार? यजमानांना काचबिंदू आहे, ते माझा हात धरून चालतात. महापालिकेच्या अ‍ॅपवर मी हे सगळं तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा दोन दिवसांत ‘निकाली’. माझं काय चुकतंय?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, चुकलं असेल तर एवढंच, की घरातल्या माणसाला सांगावं तसं तुम्ही सगळं एका दमात सांगितलंत. मी ३१ वर्षं एका महापालिकेच्या पथ विभागात काढली, त्यामुळे पुढे काय झालं असेल ते मला इथे बसून दिसतं. तक्रारीत पहिला शब्द ‘अंधार’, म्हणून ती विद्युत विभागाकडे गेली. वायरमन आला, त्याने दिवा लावून बघितला. लागला. ‘दिवा चालू आहे’ असा शेरा, तक्रार बंद. तो खोटं बोलला नाही हो. दिवा चालूच आहे, उजेड गुलमोहर खातो. झाकणाचं वाक्य शेवटी होतं, तिथवर कुणी वाचलंच नसणार. आम्हीही वाचत नव्हतो, कबूल करतो.

तेव्हा एक दोष, एक तक्रार. फांद्या उद्यान विभागाच्या. स्वतः माळी बोलावून छाटू नका. १९७५ च्या झाडांच्या कायद्यामुळे परवानगी लागते, आणि शेजारी कधी फोटो काढतील सांगता येत नाही. ‘दिवा बंद’ हे शब्द चुकूनही नकोत. ‘खांब क्रमांक अमुक ते तमुक, दिवे चालू, फांद्यांमुळे उजेड खाली पडत नाही’ असं लिहा. खांबावर रंगाने नंबर घातलेला असतो, तो टिपून घ्या; ‘डेअरीसमोर’ म्हटलं तर शहरात छप्पन्न डेअऱ्या. फोटो दोन हवेत, दिवसा फांद्यांचा आणि रात्री त्याच जागेवरून अंधाराचा. रात्रीचा मात्र फ्लॅश बंद ठेवून काढा. फ्लॅशमध्ये रस्ता लख्ख दिसतो आणि तुमचाच पुरावा तुमच्यावर उलटतो.

झाकणाचं आजच करा. त्यावरची ओतीव अक्षरं वाचा. ड्रेनेज, पाणीपुरवठा की टेलिफोनवाले, हे त्यावरून कळतं. अक्षरं झिजली असतील तर सरळ क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि आवक-बारनिशीत, म्हणजे आलेल्या अर्जांची नोंद होते तिथे, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या. अर्जात एक वाक्य घाला : खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे जीव गेला तर वारसांना ६ लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला आहे. कलमांपेक्षा रुपयांचा आकडा साहेबांच्या नजरेत लवकर भरतो.

डीपी बहुतेक शहरांत महावितरणची, तक्रार १९१२ वर. हे काम रेंगाळणार. डीपी सरकवायची तर केबल आली, खर्च आला, दोन कार्यालयांची पत्रापत्री आली. तोवर माप घेऊन ठेवा. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मानकाप्रमाणे चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. तुमचा शिवणाचा टेप दीड मीटरचा असेल. कुंपणाची भिंत आणि डीपी यांच्यामध्ये तो पुरता उलगडतसुद्धा नाही, असा फोटो जोडलात की वेगळं काही लिहायला नको. डीपीचं दार उघडं असेल तर मात्र जवळ जाऊ नका, लांबूनच फोटो घ्या.

एवढं करूनही ‘निकाली’ आलं, तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून विचारा : पाहणी कोणत्या तारखेला झाली, कुणी केली, अहवालाची प्रत द्यावी. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. आमच्याकडे असा अर्ज आला की उत्तर टाइप व्हायच्या आधी माणूस जागेवर पोचायचा.

आणि हो, फांद्या छाटून झाल्या की त्या तुमच्याच फूटपाथवर टाकून गाडी निघून जाईल. त्या ढिगाची तक्रार वेगळी. खांब क्रमांकासकट.