कुत्र्याचं पिल्लू आणलंस? आधी बेदाण्याचा डबा वर ठेव

भावा, सांगलीत तासगावचा बेदाणा घरोघरी. येईल तो पाहुणा दोन दाणे पिल्लापुढं टाकतो. हे आधी बंद कर. द्राक्षं असोत की बेदाणे, दोन्हींनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, आणि किती खाल्ल्यावर होईल याचा नेम नाही. खाल्लेच तर उलटीची वाट न बघता डॉक्टर गाठ.

मटणाचं शिजवलेलं हाडही नको. चावताना टोकदार कपच्या निघतात, त्या घशात नाहीतर आतड्यात रुततात. चघळायला विकत घेशील ते नखानं दाबून बघ. खूणच उमटत नसेल तर दात मोडेल. गाजर, बिया काढलेलं सफरचंद बिनधास्त दे. पण सगळा खाऊ दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांत बसव. घरातल्या आज्जीलाही सांगून ठेव, नाहीतर तुपातली चपाती गुपचूप जातेच.