म्युझिक लिहू की अमेरिकन स्टडीज?

प्रश्न : ताई, मी नागपूरला प्रताप नगरमध्ये राहते, यंदा बारावी झाली. अमेरिकेतल्या एका छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजात (जिथे सगळ्या शाखांचे विषय मिळून शिकता येतात) अ‍ॅडमिशन मिळालीये, बरीचशी फी त्यांच्या एडमधून, म्हणजे आर्थिक मदतीतून सुटते, उरलेल्यासाठी बाबा लोन काढताहेत. दहा वर्षं गाणं शिकतेय, विशारदचं पहिलं वर्ष झालंय. पण अकरावीत अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या सिव्हिल राइट्स चळवळीवर एक प्रोजेक्ट केला होता, तेव्हापासून तो विषय डोक्यातून जातच नाहीये. आता कॉलेजने फॉर्म पाठवलाय, त्यात कुठला मेजर, म्हणजे मुख्य विषय घ्यायचा विचार आहे ते लिहायचंय. बाबा म्हणतात, "गाणं तं तू इथं महाल भागातल्या बाईंकडेच शिकली, त्याच्यासाठी अमेरिकेत काहून जायचं? अन् अमेरिकेची हिस्टरी शिकून नागपुरात करशील काय?" आई काहीच बोलत नाही, नुसती काय काय न्यायचं त्याची यादी करत बसते. ऑगस्टमध्ये निघायचंय. काय लिहू?
(एक वाचक, नागपूर)

उत्तर : सगळ्यात आधी, त्या फॉर्मवर जे लिहिशील ती काही काळ्या दगडावरची रेघ नाहीये. अशा बहुतेक कॉलेजांत मेजर पक्का करायचा असतो तो दुसऱ्या वर्षाच्या शेवटी. चार वर्षांत साधारण ३२ कोर्स होतात आणि त्यातले दहा-बारा मेजरचे, म्हणजे तिसरा हिस्सा. बाकी सगळं मोकळं. आपल्याकडे अकरावीत सायन्स की आर्ट्स एकदा ठरलं की ठरलं, म्हणून आपल्याला हे पटकन पटत नाही, मलाही तिकडे शिकायला गेले तेव्हा पटलं नव्हतं.

पण म्हणून निवांत राहू नकोस, कारण एक गोष्ट खरंच पहिल्या सेमिस्टरला ठरते आणि ती कोणी आधी सांगत नाही. म्युझिकचे थिअरीचे कोर्स पायऱ्यांसारखे असतात, पहिला झाल्याशिवाय दुसरा मिळत नाही, दुसऱ्याशिवाय तिसरा नाही, आणि कितीतरी छोट्या कॉलेजांत प्रत्येक कोर्स वर्षातून एकदाच असतो. पहिली पायरी दुसऱ्या वर्षाला चढायला घेतलीस तर मेजर धावतपळत संपवावा लागेल. अमेरिकन स्टडीजचं तसं नाही, इतिहास, साहित्य, कायदा, सिनेमा असं मिळून केलेला विषय आहे तो, दुसऱ्या वर्षाला आलीस तरी दार उघडं असतं. म्हणून माझं मत सरळ आहे, फॉर्मवर म्युझिक लिही, पहिल्या सेमिस्टरला थिअरीचा पहिला कोर्स घे आणि सोबत अमेरिकन स्टडीजचा एक सुरुवातीचा कोर्स घे.

आता थिअरीबद्दल जरा सविस्तर, कारण तिथेच हिंदुस्थानी गाणारी मुलं गडबडतात. आपल्या स्वरलिपीत सा रे ग असं नावच लिहिलेलं असतं आणि सा आपल्या गळ्याप्रमाणे हलतो, तू काळी चारमध्ये गात असशील, शेजारची पांढरी पाचमध्ये, राग तोच. तिकडच्या पाच रेघांवर प्रत्येक जागेची पट्टी पक्की असते. माझ्या पहिल्या क्लासला समोर एक कागद आला आणि सगळ्यांनी तो बघून लगेच गायला सुरुवात केली, मी नुसती बघत बसले. दहा वर्षांची तालीम आणि तोंडातून स्वर फुटेना. पण आठवडाभराने सरांनी पियानोवर तुकडे वाजवून ऐकून लिहायला सांगितले तेव्हा मला ते एकदा ऐकूनच कळत होते, लिहायलाच तेवढा वेळ लागायचा. म्हणजे कान तयार असतो, डोळे नसतात. डोळे तयार व्हायला मला दोन-तीन महिने लागले, तर तू आत्तापासूनच धरमपेठ-सीताबर्डीकडे कीबोर्ड शिकवणारं कोणी बघ आणि रोज अर्धा तास फक्त वाचायला बस.

एक उदाहरण देते, त्यात तुझे दोन्ही विषय आहेत. ब्लूज नावाच्या अमेरिकन गाण्याचं सगळ्यात प्रचलित रूप बारा बारचं, एका बारमध्ये चार मात्रा, म्हणजे आपल्या भाषेत ४८ मात्रांचं आवर्तन. पहिले चार बार सा धरून, मग दोन म वर, दोन परत सा वर, मग एक प, एक म आणि शेवटचे दोन सा, की पुन्हा सम. आणि गाणारा जो गंधार लावतो तो बरेचदा ना धड कोमल ना धड शुद्ध, मधेच कुठेतरी. पियानोवर ती जागा नाहीच, वाजवणारे दोन्ही पट्ट्या दाबून तिच्या जवळ जायला बघतात. तुला ती गळ्यात लगेच सापडेल. हे झालं म्युझिक. मग विचार, हे गाणारे कोण होते? मिसिसिपीसारख्या भागात कापूस वेचणारे काळे लोक, १८६५ ला गुलामगिरी कायद्याने संपली तरी त्याच शेतांवर कर्जात अडकलेले. तिथून अमेरिकन स्टडीज सुरू होतो.

आणि कापूस म्हटल्यावर आपण वऱ्हाड-नागपूरवाले गप्प कसे बसणार? १८६१ ते १८६५ तिकडे यादवी युद्ध झालं, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, मग इंग्रजांचं लक्ष आपल्या कापसाकडे वळलं आणि भाव भडकले. युद्ध संपलं, अमेरिकेचा कापूस परत आला, भाव कोसळले. रेल्वे नागपूरला आली १८६७ ला, एम्प्रेस मिल ही कापडगिरणी सुरू झाली १८७७ ला. आज त्या जागेवरच्या मॉलमध्ये तू कितीदा गेली असशील. बाबा विचारतात ना अमेरिकेची हिस्टरी शिकून नागपुरात काय, तर त्यांना हे सांग. आणि दीक्षाभूमी तर तुमच्या घरापासून लांबही नाही. बाबासाहेब १९१३ ला कोलंबिया युनिव्हर्सिटीत शिकायला गेले, १९४६ ला त्यांनी तिथले मोठे काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून तिथल्या काळ्या लोकांनी युनोकडे केलेल्या अर्जाबद्दल विचारलं, त्याचं उत्तरही आलं. १९७२ च्या दलित पँथरने नाव घेतलं ते तिकडच्या ब्लॅक पँथर या काळ्या लोकांच्या संघटनेवरून. हा विषय नागपूरच्या पोरीने शिकला तर वर्गात जे बाकीच्यांना माहीत नसतं ते तिला घरून माहीत असतं, ही फार मोठी गोष्ट आहे गं.

पैशाचं मात्र स्पष्ट बोलते कारण लोन आहे. डिग्रीनंतर स्टुडंट व्हिसावर तिथे काम करायला साधारण १२ महिने मिळतात, सायन्स-टेक्नॉलॉजीवाल्यांना वर २४ महिने वाढवून मिळतात, तुझ्या दोन्ही विषयांना सहसा ते मिळत नाहीत. नियम बदलत असतात, निघण्याआधी कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारून घे. त्यामुळे मोकळ्या कोर्समधून एक स्टॅटिस्टिक्स, एक रेकॉर्डिंगचा किंवा आर्काइव्हचा असं काहीतरी नक्की घे. बाबांशी हा हिशोब आत्ताच कागदावर मांड, पुढे फोनवर भांडण्यापेक्षा.

म्युझिक डिपार्टमेंटलाही एक मेल टाक. तुमच्याकडे ख्याल शिकवणारं कोणी आहे का, नसेल तर शेवटच्या वर्षाच्या मैफलीत ख्याल गायला चालेल का, आणि मेजर नसला तरी गाण्याचे लेसन मिळतात का. उत्तर कसं येतं त्यावरून तुला बरंच कळेल. महालातल्या बाईंची तालीम ऑनलाइन का होईना चालू ठेव, तिकडे व्हॉइसच्या लेसनमध्ये आवाज लावायची पद्धत वेगळी असते आणि दोन्ही एकदम करताना गळा थकतो, बाईंना हे जायच्या आधीच सांगून ठेव.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी कुठला मेजर घ्यायचा हे मी आज सांगणार नाही. रात्री अकराला दमून रूमवर आलीस की कुठल्या विषयाची वही आधी उघडतेस ते दोन वर्षं बघत जा.

आणि आईच्या यादीत तानपुऱ्याचं मशीन आणि तिकडच्या प्लगचा अडॅप्टर आहे का ते बघ. नसेल तर तिच्यासोबत बसून तूच लिही, एखादी संध्याकाळ दे तिला. ती बोलेल मग.